बँड बसवल्यावर पोळी-मटण अडकतंय, वजन थांबलंय, मग अजून एक फिल घ्यायचा का?

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असं, की गॅस्ट्रिक बँडचं, म्हणजे वजन कमी करायला जठराभोवती रिंग बसवायचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले, तुम्ही कोल्हापूरचे, मधुमेहाच्या गोळ्या चालू, सुरुवातीला नऊ किलो उतरले आणि दुसरा फिल झाल्यापासून, म्हणजे सलाइन भरून बँड दुसऱ्यांदा आवळल्यापासून पोळी अडकते, मटणाचा पीस तर जातच नाही, तोंडाला फेस येतो, मग बाहेर. म्हणून वहिनी आता सगळं मिक्सरमधून काढून देतात, वरणभात, पांढरा रस्सा, साबुदाण्याची खीर, रात्री आइस्क्रीम, आणि तरी दोन तासांत भूक लागते नि काटा तिथल्या तिथं. आणि प्रश्न असा की तिसरा फिल घेऊन बँड अजून टाइट करून घेऊ का.

नका घेऊ. म्हणजे शेवटचा निर्णय तुमच्या सर्जनचाच, पण बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजन कमी करायचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचा आहार बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि तुम्ही जे लिहिलंय ते बँड सैल असल्याचं लक्षण नाहीये, बरोबर उलटं आहे. एकतर तो गरजेपेक्षा जास्त आवळलाय किंवा तुम्ही भरभर खाताय, आणि माझा अंदाज दोन्ही. भूक लागते म्हणजे सैल झाला असं सगळ्यांनाच वाटतं, पण तुम्हाला भूक लागतेय कारण तुम्ही जे खाताय त्यावर बँड काम करतच नाही.

हे नीट कळायला तो करतो काय ते बघू. सिलिकॉनची रिंग, जठराच्या अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिका संपते त्याच्या जरा खाली. तिच्या वर जठराचा जो भाग उरतो तो जेमतेम एक-दोन मोठे चमचे मावतील एवढा. पोटाच्या कातडीखाली एक पोर्ट, त्यात सुईने सलाइन भरलं की रिंग आवळते, त्यालाच आपण फिल म्हणतो, काढलं की सैल होते. अमेरिकेत २००१ मध्ये याला मंजुरी मिळाली आणि पुढची काही वर्षं जगभर धडाक्यात बँड बसले, ऑस्ट्रेलियात तर विचारू नका. आता जमाना स्लीव्हचा आहे, आपल्याकडेही बँडवाला पेशंट क्वचितच दिसतो, आणि त्याचा एक तोटा तुम्हाला होतोय तो असा की ओळखीतला जो कोणी 'अहो माझंपण झालंय' म्हणून सल्ला देतो तो बहुतेक स्लीव्ह किंवा बायपासवाला असतो. त्यांचं जठर कापून लहान केलेलं किंवा आतड्याचा रस्ता बदललेला, भुकेच्या हार्मोनवरसुद्धा परिणाम होतो. तुमच्यात यातलं काहीच झालेलं नाही, त्यामुळे त्यांचा डाएट चार्ट फॉरवर्ड आला तर वाचा आणि सोडून द्या.

आता मुद्द्याची गोष्ट. बहुतेकांना वाटतं की वरची छोटी पिशवी अन्नाने भरते, ते तिथं तासन्‌तास साठून राहतं आणि हळूहळू खाली झिरपतं, म्हणून पोट भरल्यासारखं वाटतं. तसं नाहीये. मेलबर्नला पॉल ओब्रायन नावाचे सर्जन, बँडमधलं मोठं नाव, त्यांच्या मोनाश युनिव्हर्सिटीच्या ग्रुपने हे बारकाईने तपासलं. बँड बरोबर अ‍ॅडजस्ट केलेला असेल तर नीट चावलेला एक छोटा घास अन्ननलिकेच्या काही आकुंचनांमध्ये, साधारण मिनिटभरात बँडमधून पार होतो, वर साठत नाही. पण पार होताना तो तिथल्या भिंतीवर दाब देतो, तिथल्या नसा मेंदूला कळवतात की बास झालं, आणि असे थोडेच घास गेले की माणसाला खरंच नको वाटायला लागतं. म्हणजे तृप्ती येते ती या दाबातून, आणि दाब द्यायला घास घट्ट पाहिजे. पांढरा रस्सा सरळ खाली उतरतो, त्याला वाटेत बँड आहे याचा पत्ताही लागत नाही. खीर तशीच, आइस्क्रीम तसंच, चहात बुडवलेलं बिस्किट तसंच, आणि मिक्सरमधून काढलेलं पालक-पनीरसुद्धा तसंच, भले त्यात प्रोटीन असो.

आणि पहिला घास पार व्हायच्या आत दुसरा आला, तिसरा आला, की ते वर जमतात, छातीच्या मधोमध दुखायला लागतं, लाळ भरभर सुटते, फेस येतो आणि मग सगळं परत. ही उलटी नाहीच खरं म्हणजे, अन्न बँडच्या खालच्या जठरात पोचलेलंच नसतं, म्हणून त्याला आंबट वास नसतो. पण रोज रोज असं होत राहिलं तर ती छोटी पिशवी ताणली जाते, बँड सरकू शकतो, अन्ननलिका सैल पडू शकते. 'थोडं बाहेर आलं की मोकळं वाटतं' असं तुम्ही लिहिलंय ना, ती सवय आधी मोडायची.

यात आपल्या घरांचा एक प्रॉब्लेम आहे आणि तो मी प्रत्येक कुटुंबात बघते. ऑपरेशन झालेल्या माणसाला मऊ द्यायचं, पचायला हलकं द्यायचं, हे आपल्या आई-बायकांच्या हाडात भिनलेलं आहे. गुरगुट्या भात, मुगाची खिचडी, पेज, वर तूप. पहिले काही आठवडे ते बरोबरच असतं, कारण आधी पातळ, मग साधारण दोन आठवड्यांनंतर लगदा करून, मग मऊ, असं करत पाचव्या-सहाव्या आठवड्यात साधं घट्ट जेवण यायचं असतं. त्या काळात रिंगभोवतीची जागा भरून येते, म्हणून उलटी-ताण टाळायचा असतो. पण सहा आठवड्यांनंतर ही माया उलटी फिरते. पोळी अडकली की घरचे म्हणतात जाऊ दे भात खा, भात अडकला की पेज घे, आणि माणूस मऊ-गोड-पातळ या तिन्हीत रमतो, कारण ते सुखाने जातं. दिवसभर जातं. चवदार असतं. कॅलरी भरपूर असतात. वजन थांबतं आणि मग माणूस म्हणतो अजून आवळा, अजून आवळलं की घट्ट अजिबातच जात नाही, की परत मऊ. हे चक्र आहे आणि तुम्ही सध्या त्यात आहात. वहिनींना दोष देत नाहीये हां, त्या प्रेमानेच करतायत, पण मिक्सर आता माळ्यावर ठेवायला सांगा.

तर आधी सर्जनला फोन करा आणि थोडं सलाइन काढायचं का ते विचारा. बरोबर अ‍ॅडजस्ट झालेल्या अवस्थेला ग्रीन झोन म्हणतात, म्हणजे थोड्या घट्ट जेवणात समाधान होतं, तीन-चार तास भूक नाही आणि काही अडकत नाही. त्याच्या पलीकडे रेड झोन, जिथं चांगलंचुंगलं घट्ट अन्न जात नाही, रात्री आडवं झालं की खोकला येतो, घशाशी येतं, आणि माणूस गोड-मऊकडे वळतो. तुम्ही लिहिलेला रात्रीचा खोकला मला सगळ्यात जास्त खटकला. तो धुळीचा नसावा. पाणीसुद्धा खाली उतरत नसेल, थुंकी गिळता येत नसेल, किंवा पोटात एकदम जोरात दुखायला लागलं तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल, कारण बँड सरकल्याची शक्यता असते आणि सलाइन लगेच काढावं लागतं. आणि बरेच आठवडे उलट्या चालू असतील नि हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, डोळ्यांना दोन दोन दिसणं असं काही झालं तर बी-१ व्हिटॅमिन कमी पडल्याचं लक्षण असू शकतं, ते तातडीचं आहे.

सलाइन कमी-जास्त केल्यावर एक-दोन दिवस पातळ, मग दोन-तीन दिवस मऊ, आणि मग सरळ घट्ट. इथून पुढचं सगळं खाण्याच्या पद्धतीवर.

ताट नको, छोटी डिश घ्या. एका वेळचं सगळं मिळून अर्धा कप, म्हणजे आपली आमटीची छोटी वाटी भरेल एवढं. लहान बाळाचा चमचा वापरा, घास चण्याच्या डाळीपेक्षा फार मोठा नको, वीसेक वेळा चावा, गिळा, चमचा खाली ठेवा आणि मिनिटभर थांबा. हे मिनिट फार मोठं वाटतं, सुरुवातीला चिडचिड होते, मोबाइलवर टायमर लावला तरी चालेल. वीस मिनिटं झाली की जेवण संपलं, डिशमध्ये उरलं असलं तरी. आणि इथं आपली दुसरी शिकवण आडवी येते, पानात टाकायचं नाही. दादा, टाका. दोन घास कचऱ्यात गेले तर गेले, किंवा आधीच कमी वाढून घ्या. शेवटचे ते दोन घासच छातीत अडकतात, हे तुम्ही स्वतःच आठवून बघा.

खायचा क्रम ठरलेला असू दे, आधी प्रोटीन, मग भाजी, जागा उरली तर भाकरी-भात. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीनचं टार्गेट असतं, तुमचा नेमका आकडा तुमच्या टीमकडून घ्या, आणि अर्ध्या अर्ध्या वाटीच्या जेवणात ते बसवणं सोपं नाही म्हणून पहिला मान त्याचा. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, शिजलेलं चिकन किंवा मासा १०० ग्रॅमला २० ते २५, घट्ट वरणाची वाटी ६-७. यावरून कळेल की नुसत्या वरणभातावर हा आकडा गाठणं अशक्य आहे.

आता पोळीचं. ताजी मऊ लुसलुशीत पोळी बँडवाल्यांना सगळ्यात जास्त त्रास देते, तुमची एकट्याची तक्रार नाही ती. गव्हातल्या ग्लूटेनमुळे चावून चावून तिचा चिकट गोळा होतो आणि तो रिंगपाशी बसतो. पाव त्याहून वाईट, तेव्हा मिसळ-पावातला पाव विसरा. ज्वारीच्या भाकरीत ग्लूटेन नाही, ती तुटते, भुगा होते, म्हणून बऱ्याच जणांना जाते, विशेषतः पापुद्रा कडक झालेली शिळी भाकरी. पण दुधात किंवा आमटीत कुस्करून नाही हां, कुस्करली की परत पातळच झालं. घास घ्या, चावा, मग भाजीचा घास वेगळा. थालीपीठ खरपूस भाजलेलं जातं, मुगाचं धिरडं छान जातं. भात मोकळा असो की आसट, अनेकांना गच्च बसतो, तुम्हाला कसा जातो ते दोन चमच्यांवर बघा, नाही गेला तर काही बिघडत नाही, भातावाचून कुणाचं अडलेलं नाही. साबुदाणा मात्र कायमचा बंद म्हटलं तरी चालेल, चिकटही आणि नुसता स्टार्च, उपवास असेल तर वरी आणि दाण्याची आमटी. ती आमटी पातळ असते हे मला मान्य आहे, पण एकादशीचा एक दिवस सोडून देऊ.

मटणाबद्दल तुम्ही फार दुखावून लिहिलंय, कोल्हापूरच्या माणसाला मी समजू शकते. बंद नाही. पण रश्श्यातला पीस म्हणजे लांब लांब दोरे असलेलं स्नायूचं मांस, ते तुम्ही कितीही चावलं तरी त्याची गुठळी राहते. खिमा करा, नीट शिजवलेला, थोडा ओलसर, चमच्याने. किंवा कुकरला जास्त शिजवून बोटाने तुटेल असं करून तांदळाएवढे तुकडे. चिकनमध्ये छातीचा भाग कोरडा होतो तो अडकतो, मांडीचा भाग बरा. अंड्याची बुर्जी सगळ्यात निवांत, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग काहींना रबरासारखा लागतो. आणि खरं सांगू का, मासे खाणाऱ्या पेशंटचं जितकं सोपं जातं तितकं कुणाचंच जात नाही. पापलेट, रावस, सुरमई, सगळ्यांचे अलगद पदर सुटतात, घासाला घट्टपणा आहे, दाबही देतो आणि अडकतही नाही. तुमच्याकडे नदीचा मासा मिळतो पण काटे फार, तेवढं बघून. तळून नको, तव्यावर थोड्या तेलात.

तांबडा-पांढरा मी बंद करायला सांगत नाहीये, पण त्याला जेवण समजू नका. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू-खसखस, म्हणजे दोन वाट्या गटागट गेल्या की कॅलरी भरपूर आणि पोट रिकामं. रविवारी खिमा खाताना चमचा-दोन चमचे चवीला. तीच गोष्ट गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरची, ग्लासभर धारोष्ण म्हशीचं दूध म्हणजे अडीचशे कॅलरी सहज, आणि बँडला त्याची खबरही नाही. दूध प्यायचंच तर साय काढलेलं, साखर न घालता, मोजून. त्यापेक्षा चक्का खा, फडक्यात टांगलेलं दही, साखर नाही, जिरेपूड-मीठ घालून, त्यात पाणी निघून गेल्याने प्रोटीन साध्या दह्याच्या दुपटीच्या आसपास जातं आणि घट्टही असतो. त्यात साखर घातली की श्रीखंड होतं, एवढं लक्षात असू दे.

फरसाण, शेव, वेफर्स यांच्यावर माझा खास राग आहे. कुरकुरीत असतात म्हणून पेशंटला वाटतं हे घट्ट अन्न आहे, पण तोंडात गेलं की विरघळून पातळ होतं आणि पावशेर कधी संपलं ते कळत नाही. भाज्यांत शेवग्याच्या शेंगा, मक्याचं कणीस, पालेभाजीचे जाड देठ, ओल्या-सुक्या खोबऱ्याचा कीस, संत्र्याच्या पाकळीची साल, अननस, हे दोऱ्यांमुळे अडकणारे. वांगं, दुधी, दोडका, फ्लॉवर, भोपळा चांगले शिजवून, पण वाटून नाही. फळांत पपई, साल काढलेलं सफरचंद बारीक चावून. उसाचा रस नको, मधुमेह आहेच शिवाय.

पाण्याचं, जेवताना नको आणि जेवणानंतर अर्धा तास तरी नको, मधल्या वेळात घोट घोट दिवसभर. अडकल्यावर वरून पाणी ओतून घास ढकलायचा प्रयत्न तर कधीच करू नका, ते खाली जात नाही, वरच्या वर चढतं. अडकलं की खाणं थांबवा, उठून फिरा, सुटेपर्यंत काही नको, आणि पुढचं जेवण पातळच घ्या कारण तिथं सूज आलेली असते. सोडा, बिअर असे फसफसणारे प्रकार नको. सकाळी बँड जरा जास्तच आवळल्यासारखा वाटतो बऱ्याच जणांना, त्यामुळे सकाळी आधी काहीतरी कोमट प्या आणि घट्ट नाश्ता तासाभराने, टेन्शनमध्ये असताना जेवायला बसूच नका.

गोळ्यांचं हे मात्र डॉक्टरांशी बोलूनच. मोठी गोळी अडकते म्हणून लोक घरी कुटतात, पण मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची एसआर किंवा एक्सआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटायची नसते, औषध एकदम सुटतं, त्याऐवजी छोटी किंवा पातळ औषधाची सोय करून मिळते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि जेवण निम्म्यावर आलं असेल तर शुगर अचानक खाली जाऊ शकते, डोस कमी करायचा का हे याच आठवड्यात विचारा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा पेनकिलर स्वतःच्या मनाने घेऊ नका, जठराच्या आतल्या आवरणाला त्या त्रास देतात आणि तिथं आधीच रिंग बसलेली आहे. मल्टिव्हिटॅमिन रोज, बी-१२, डी, लोह तपासून. बँडमध्ये अन्न शोषलं जाण्यात अडचण नसते, पण खाणंच कमी झालं की कमतरता येतेच, आणि मेटफॉर्मिन बराच काळ घेणाऱ्यांचं बी-१२ तसंही खाली असतं. केस गळतायत म्हणून घाबरलाय ते वजन भराभर उतरल्यावर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होतं, प्रोटीन पुरेसं असेल तर बहुतेकांचे परत येतात, तेल बदलून उपयोग नाही.

आठवड्याला अर्धा ते एक किलो हा बँडचा नेहमीचा वेग आहे, स्लीव्हवाल्या मेहुण्याशी बरोबरी करू नका.

लग्नसराईचं विचारलंत. आग्रह करणाऱ्याला ऑपरेशनची स्टोरी सांगायची गरज नाही, 'पोटाचं दुखणं आहे, डॉक्टरनी थोडंच सांगितलंय' एवढं पुरतं. पंगतीत बसूच नका, कारण वाढपी थांबत नाही आणि शेजारच्याच्या वेगाने आपला हात चालतो, बुफे असेल तर तुमचा छोटा चमचा खिशात घेऊन जा, पनीरचे तुकडे किंवा उसळ घ्या आणि डिश हातात धरून लोकांशी बोलत फिरा. हातात डिश दिसली की कुणी आग्रह करत नाही.

आणि फोन करताना सर्जनना एवढं नक्की सांगा, दुसरा फिल कुठल्या तारखेला झाला, घट्ट अन्न आठवड्यातून किती वेळा परत येतं, रात्रीचा खोकला कधीपासून आहे आणि गोळ्यांची नावं काय. बद्धकोष्ठासाठी जो इसबगोल चालू केलाय तोही सांगा आणि तोपर्यंत बंद ठेवा, पाणी कमी पडलं तर तो फुगून रिंगच्या वरच अडकू शकतो.